मामीचं मातीचं डोकं

भाच्याने मामीचं डोकं फोडलं, ते अगदी चांगल्या हेतूने. वाक्य गुन्ह्याच्या बातमीसारखं वाटतं खरं, पण त्याला इलाज नाही. झालं ते असंच झालं.

डोकं मातीचं होतं. मामांनी घडवलेलं. म्हणजे घडवत आणलेलं. आतल्या खोलीत एका फिरत्या स्टुलावर ते बसून असायचं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. नवखा माणूस चुकून त्या खोलीत शिरला तर आला तसा बाहेर पडायचा आणि पाणी मागायचा.

खरी मामी त्या दिवसांत इस्पितळात होती. सकाळी कप विसळता विसळता तिचा डावा हात गळून पडला तो उचलेचना, आणि तोंडातून शब्द निघेनात. अर्धांगाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. मामा तिच्या उशाशी जाऊन बसले ते तिथलेच झाले, आणि घराची किल्ली भाच्याकडे आली.

भाचा शिकायला म्हणून मामांकडे आला होता, मग चिकटला होता, आणि मग अलीकडे जवळच खोली घेऊन राहत होता. बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायचा. घर सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे सांगायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं, तेव्हा त्याने स्वतःच्या अकलेने कारभार हाती घेतला. दूध बंद केलं. नळ घट्ट केले. गॅलरीत उजेडात दाढी करता यावी म्हणून मामीचा गोल हातआरसा घेतला. आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

कुबट वास आला. फडक्यावर हिरवट बुरशी धरली होती. ओल! बांधकामवाल्या माणसाला ओल दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याने पिशवी काढली, फडकी धुवायला टाकली, खिडकी सताड उघडली आणि वर पंखा लावून ठेवला. मामी घरी येईपर्यंत कसं खडखडीत वाळेल, मामा पाठ थोपटतील, असा हिशोब करून साहेब शीळ घालत ऑफिसला गेले.

मातीचं डोकं आतून लाकडाच्या आणि तारेच्या सांगाड्यावर बसवलेलं असतं. माती वाळली की आकसते. सांगाडा आकसत नाही. मग माती जाणार कुठे? ती फुटते. दोनचार दिवसांनी त्याने दार उघडलं तेव्हा कपाळापासून गालापर्यंत तडा गेला होता आणि नाक स्टुलाच्या पायाशी पडलं होतं. त्याने ते उचललं आणि डिंक लावून जागेवर बसवलं. ते वाकडं बसलं. मग घाबरून त्याने सगळ्या चेहऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. वाळलेली माती पाण्याने मऊ होते, एवढं त्याला शाळेत शिकवलं होतं. तिचा चिखल होतो, तो धडा बहुतेक तो गैरहजर असताना झाला असावा. हनुवटी ओघळून गळ्यावर आली. गळा स्टुलावर आला.

मग तो खाली बसला आणि बसूनच राहिला.

आता या मामांविषयी सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील, माती ती, त्यात एवढं काय.

मामांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. ओळखीतले सगळे त्यांना ‘जरासे’ म्हणत, जणू आडनावच. “जरासे आहेत का घरात?” असं दारातून विचारलं तर मामीही बिनदिक्कत “आहेत की” म्हणायची. कारण मामांचं एकच वाक्य जगजाहीर होतं : “झालंय रे. जरासं राहिलंय.”

पोटाला ते कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवणाऱ्या कारखान्यात होते. काचेमागे उभे असतात ते. त्या पुतळ्यांची बोटं फार तुटतात. विक्रेते कपडे बदलताना हात उलटे पिरगाळतात. मामा ती बोटं बसवायचे. त्यांच्या खिशात कधीही हात घाला, एखादं बोट सापडायचंच. हे काम मात्र ठरल्या वेळेत, बिनतक्रार. “त्यांना चेहरा नसतो ना,” मामा म्हणायचे, “चेहरा नसला की काम संपतं.”

चेहरा असलेलं काम आतल्या खोलीत होतं आणि ते संपत नव्हतं. मामीच्या भाषेत तो ‘अर्धामुर्ध्यांचा मेळावा’. खिडकीखाली एक घोडा होता, त्याचा चौथा पाय विटेचा. एक हसणारा म्हातारा होता, त्याचं हसू झालं होतं आणि म्हातारा व्हायचा होता. आणि मधोमध मामी.

रविवारी मामांचा दोस्त यायचा, पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, बोलायला फटकळ. तो आला की आतल्या खोलीत दाराजवळच्या प्लास्टरच्या पोत्यावर बसायचा आणि दोघांचा एकच वाद सुरू व्हायचा.

“जरासे, मला एक सांगा. हे डोकं अजून काय व्हायचंय? नाक आहे, कान आहेत, वहिनींसारखं डोळे वटारून बघतंय सुद्धा.”

“जिवणीपाशी जरासं...”

“पुन्हा जरासं! अहो, आमचं बघा. ‘येथे चष्मे मिळतील’ मधला शेवटचा ‘ल’ काढला की शिडीवरून खाली. काम संपलं.”

“तुला कसं कळतं संपलं ते?”

“अक्षरं संपतात ना!”

“तिचं तसं नाही,” मामा म्हणायचे. “ती सकाळी वेगळी दिसते, संध्याकाळी वेगळी. मी ओठाचा कोपरा पकडला की ती काहीतरी बोलते आणि कोपरा पळतो. मग मी नवा पकडतो.”

“म्हणजे बायकोने तोंड बंद ठेवलं असतं तर तुम्ही मोठे कलाकार झाला असता.”

यावर बाहेरून मामीचा आवाज यायचा, “भावजी, चहा टाकला होता, आता ओतून देते मोरीत.”

पेंटर म्हणायचा तेवढं सोपं ते नव्हतं, हे भाच्याला एकदा मामीनेच सांगितलं होतं. मातीचं काम कायमचं करायचं तर त्यावर प्लास्टरचा साचा घ्यावा लागतो. साचा घट्ट झाला की आतली माती खरवडून काढायची, आणि त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतायचं. आत जे निघतं ते टिकतं. पण ज्याच्यावर हात फिरवून फिरवून ते घडवलं, ती माती बादलीत जाते.

“म्हणून घाबरतात,” मामी म्हणाली होती. “बायकोचं डोकं स्वतःच्या हाताने उकरायचं म्हणजे जिवावर येतं. बाकी एरवी माझं डोकं खाताना काही वाटत नाही यांना.”

साचा होईपर्यंत माती ओली राहायला हवी. रोज. सकाळ-संध्याकाळ. आणि सगळी गंमत अशी की हे काम मामी करायची. कुंडीला पाणी घालावं तसं ती स्वतःच्या डोक्यावर पाणी शिंपडायची, फडकं दाबून बघायची, पिशवी चढवायची आणि कामाला लागायची. किती पाणी, कुठे कमी, कुठे जास्त, हे मामांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे मामी पडली तेव्हा भाच्याला हे सांगणार कोण? ज्या तोंडातून सांगितलं गेलं असतं तेच तोंड बंद पडलं होतं.

बरं, मुहूर्तही ठरला होता. मामीनेच दटावून ठरवला होता : कारखान्याला सुट्टी आहे त्या दिवशी साचा घ्यायचा म्हणजे घ्यायचा. मामा “बरं” म्हणाले होते. त्यांच्या तोंडून ‘जरासं’ सोडून दुसरा शब्द निघाला म्हणून पेंटरने टाळी दिली होती. सुट्टीच्या आदल्याच दिवशी कप विसळताना तो हात पडला.

मामा इस्पितळातून कपडे न्यायला घरी आले तेव्हा भाचा अजून आतल्या खोलीतच होता. त्याने सगळं सांगितलं. पंखा, खिडकी, डिंक, पाणी. मामा शिव्या देतील, निदान एक ठेवून देतील, अशी त्याला आशा होती. मामांनी स्टूल हळूच एक फेरा फिरवलं.

“कान चांगला राहिलाय,” ते म्हणाले.

उजवा कान खरंच शाबूत होता. मामांनी तो तारेने अलगद कापून घेतला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि वाटीत ठेवला. मग कपड्यांची पिशवी घेऊन निघाले. दारात थांबून म्हणाले, “तिला सांगू नकोस. डॉक्टर म्हणालेत, मनाला लावून घेता कामा नये.”

मामी घरी आली तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरली होती. पापणी अर्धी, गाल सैल, ओठाचा कोपरा ओघळलेला. शब्द येत होते पण चावून चावून, आणि ‘र’ म्हणताना तिला थांबावं लागायचं. बाकी मामी तीच होती. खाटेवर टेकताच तिने भाच्याकडे बघून विचारलं, “इंजिनेर, पाणी घालत होतास ना माझ्या डोक्यावर?”

भाचा खोटं बोलण्यात फार कच्चा. तो रडायलाच लागला. सगळं ऐकून घेतल्यावर मामी म्हणाली, “शेवटी चारचौघांत माझं नाक कापलंसच.” स्वतःच्याच विनोदाला ती हसली, आणि ते हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं. मामा पाठ फिरवून खिडकीशी गेले.

तिथून मामांचा जो हट्ट सुरू झाला, तसा हट्ट त्या माणसाने जन्मात कशासाठी केला नसेल. ती यायच्या आधीच त्यांनी न्हाणीघरातला आरसा काढून माळ्यावर टाकला होता. कपाटाच्या आरशावर कागद चिकटवला होता. भाच्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, “तुझा फोन खिशात ठेवायचा, बाहेर काढायचा नाही. मी तिचं डोकं परत करतो. पहिल्यासारखं. ते आधी तिला दाखवतो, मग काय आरसा बघायचा तो बघू दे.”

“पण का, मामा?”

“अरे, तिला आधी ती दिसू दे,” मामा म्हणाले.

मामांनी नवा सांगाडा बांधला, माती चढवली. वाटीतला कान आणून जागेवर बसवला. त्या कानापासून सुरुवात करायची होती. कानावरून जबडा, जबड्यावरून गाल. कोपऱ्यात मामीचे फोटो टाचले. तिच्या सगळ्या फोटोंत ती उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक केलेली.

“फोटोला बाजू नसते रे,” मामा भाच्याला म्हणाले. “समोरून सगळं आहे. पण गाल कानाकडे वळताना कसा जायचा? हजारदा पाहिलाय मी. डोळे मिटले की दिसतो. बोटं लावली की जातो.”

“मग डोळे मिटूनच करून बघा.”

मामांनी तेही केलं. डोळे मिटून केलेलं डोकं कारखान्यातल्या पुतळ्यासारखं आलं. सुबक, आणि कोणाचंही नाही.

पेंटर आला. पोत्यावर बसला. इतक्या दिवसांच्या दमट हवेने आतलं प्लास्टर दगड झालं होतं. त्याने बसल्या बसल्या टकटक करून पाहिलं. मोठ्या धीराने म्हणाला, “जरासे, माणसाला समोर बसवल्याशिवाय तुम्हाला येत नाही, मलाही येत नाही. बसवा वहिनींना.”

“आत्ता?”

“मग कधी?”

आणि मामी तयारच होती. “किती दिवस पडून राहू,” ती म्हणाली, “बसण्याचं काम तरी करते.” दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं, डाव्या कुशीला उशी लावली. मामांची योजना अशी की उजवी बाजू बघायची आणि तीच उलटी करून डावीकडे करायची. ऐकायला सरळ. पण तसे दोन गाल एकसारखे माणसाला कुठे असतात? तीन-चार संध्याकाळी मामा झगडले. जिवणी करायची, पुसायची. ओठ वर उचलायचा, मागे होऊन बघायचं, पुसायचा. भाचा दारात उभा राहून बघायचा. त्याला दिसायचं ते असं, की मामांचं डोकं एक सांगतंय आणि बोटं दुसरंच ऐकतायत. बोटांना समोर जे आहे तेच करायची आयुष्यभराची खोड. मामा ओठ वर नेत आणि अंगठा आपोआप तो खाली आणी.

एका संध्याकाळी मामांनी पुसायचं थांबवलं. काम करतानाचा त्यांचा श्वास ऐकू येतो, तोही थांबला. भाचा वाकून बघायला गेला.

मातीत मामी होती. अर्धी पापणी, उतरलेला गाल, ओघळलेला कोपरा, आणि उजव्या डोळ्यात ‘चहा ओतून देते मोरीत’ म्हणतानाची ती. इतकी तीच की भाच्याला तिच्याकडे बघायचं की हिच्याकडे ते कळेना. मामांच्या हातून असं काम कधी झालं नव्हतं. आणि होऊ नये म्हणूनच तर ते झगडत होते.

मामांनी हाताचा पंजा उघडला. तो पंजा भाच्याने ओळखला. हसरा म्हातारा तीनदा असाच सपाट झाला होता.

“थांबा,” मामी म्हणाली. “अहो, मला दाखवा तरी.”

“अजून नाही झालं. जरासं...”

“ठाऊक आहे तुमचं जरासं. इकडे फिरवा.”

मामांनी स्टूल फिरवलं नाही. उलट फडकं उचललं आणि मध्ये उभे राहिले. मग मामीने चांगला हात पुढे केला. तेवढाच हात तिचा होता. तो मामांच्या कमरेला वळसा घालून मागे गेला आणि मातीला लागला. तिने आधी कान चाचपला. ओळखीचा होता. मग गाल. मग बोट जिवणीवर आलं, उजव्या कोपऱ्यावरून निघालं, मध्यावर आलं आणि डावीकडे उतरत गेलं. बोट थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा तेवढंच उतरलं.

“हं,” मामी म्हणाली. “असं झालंय होय.”

मामा फडकं हातात घेऊन तसेच उभे. फडक्यातलं पाणी त्यांच्या पायावर गळत होतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले पण नवरा-बायकोंपैकी त्या क्षणी नीट बोलता येत होतं ते फक्त मामीला.

“आपल्याच तोंडाला हात लावला तर नुसती लाळ हाताला लागते,” ती म्हणाली. “कळत काही नाही. लोक बघून मान खाली घालतात, तेव्हा वाटायचं, काय राक्षसीण झालेय की काय. एवढं काही नाही हे. म्हातारी झालेय, इतकंच.” मग बोटाची माती मामांच्या सदऱ्याला पुसत म्हणाली, “पुसू नका हो. चांगलं केलंय.”

“मला हे नव्हतं करायचं गं.”

“माहीत आहे.”

“मला पहिलं करायचं होतं. ते येतच नाही आता. गेलं ते.”

“गेलं,” मामी म्हणाली. भाच्याने खाली बघितलं. ते पहिलं कोणी घालवलं, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही, घोडा नाही, म्हातारा नाही.

मामांनी ते पुसलं नाही. पुरंही केलं नाही. सदऱ्यावरची ती बोटं मात्र त्यांनी दोन दिवस धुवायला दिली नाहीत. मग मामीनेच ओरडून सदरा काढायला लावला. आता डोक्यावर पाणी मामा घालतात. ते त्यांना जमत नाही. खाटेवरून मामीचा आवाज येतो, “जास्त झालं. ठिबकतंय ऐका.” नाहीतर, “आज कोरडीच ठेवणार का मला?” साच्याचा विषय पेंटरने एकदा काढून पाहिला. पोतं दगडाचं झालंय, असं मामा म्हणाले, जणू जगातलं तेवढंच पोतं होतं. उतरलेल्या कोपऱ्यापाशी ते अजून रोज बोट नेतात, लावत नाहीत, परत आणतात.

राहता राहिला आरसा. सगळे आरसे झाकले गेले तेव्हा एकाची आठवण मामांना राहिली नव्हती, गॅलरीत दाढीसाठी घेतलेल्या त्या गोल हातआरशाची. तो भाच्याच्या खोलीवर गेला होता, दाढीच्या सामानाबरोबर. रडत रडत सगळं सांगताना भाच्याने तेही सांगून टाकलं होतं, आणि मामीच्या मात्र ते पक्कं ध्यानात होतं. मातीला हात लावला त्याच संध्याकाळी, भाचा चपला घालत असताना ती म्हणाली, “इंजिनेर, माझा आरसा तुझ्याकडे आहे. आणून दे. ताडून बघते, यांना जमलंय की नाही.”

“देशील हं,” मामा आतून घाईने म्हणाले, “पण हे होऊ दे. जरासं राहिलंय.”

भाचा दोघांच्या मध्ये दारात. आरसा द्यावा तर मामांचं काम संपलं असं त्यानेच ठरवल्यासारखं होतं. न द्यावा तर मामीची वस्तू दाबून ठेवल्यासारखं. एक डोकं त्याने स्वतःच्या अकलेने आधीच निकालात काढलं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत अक्कल चालवायची त्याची छाती होत नव्हती.

मागच्या रविवारी त्याने तो पुसून, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला होता. पिशवी मामीच्या खाटेच्या पायाशीच ठेवली होती. आत मामा फडकं पिळत होते, त्याचा आवाज येत होता. निघताना मामीने विचारलं, “आणलास?”

“पुढच्या वेळी नक्की, मामी.”

मामीने एका डोळ्याने पिशवीकडे पाहिलं. “जरासेंचाच भाचा शोभतोस हो,” म्हणाली, आणि कूस बदलायला मदत कर म्हणून तिने चांगला हात पुढे केला.